दांडा की पॅडल? स्पोर्ट्स कार चालवणाऱ्यांनी अनुभव सांगा

मंडळी, पंचेचाळिशीत एकदाची हौस फेडून घ्यायचं ठरवलंय. दोन दारांची, मागच्या चाकांवर ताकद टाकणारी आणि घरच्यांच्या मते निरुपयोगी अशी गाडी. मॉडेल ठरलंय: बीएमडब्ल्यू एम२, २०२२ साली आलेली. रंगसुद्धा ठरलाय. घोडं अडलंय ते गिअरबॉक्सपाशी. सहा गिअरचा मॅन्युअल घेऊ की आठ गिअरचा, स्टीअरिंगमागच्या पॅडलनं गिअर बदलता येणारा ऑटोमॅटिक?

कंपनीचे सुरुवातीचे आकडे असे, की शून्य ते शंभरला मॅन्युअल ४.३ सेकंद घेते आणि ऑटो ४.१. मधल्या ०.२ सेकंदांचं मी काय करणार, हे मलाही माहीत नाही. तेवढ्यात धड शिंकही येत नाही.

तेव्हा ज्यांनी दोन्हींपैकी काही विकत घेतलं, वर्ष-दोन वर्षं वापरलं आणि नंतर पस्तावले किंवा पस्तावले नाहीत, त्यांनीच लिहा. 'खरा ड्रायव्हर मॅन्युअलच घेतो' हे वाक्य मला पाठ आहे, त्यासाठी कुणी कष्ट घेऊ नयेत.

*

माझ्याकडे अकरा वर्षं पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे. १९८९ साली आली तीच पिढी, पाच गिअर, वजन जेमतेम टनभर. दांडा इतका आखूड की गिअर बदलायला मनगट पुरतं, कोपर हलवावं लागत नाही.

ताकद बेताची आहे, आणि सगळी मजा त्यातच आहे. चढावर वळण आलं की दुसरा टाकावाच लागतो, नाहीतर गाडी वळणातून बाहेर पडताना नुसती कण्हते. मग उजव्या पंजानं ब्रेक दाबलेला असताना त्याच पावलाच्या कडेनं अ‍ॅक्सिलरेटरला टोला द्यायचा, इंजिनाचे फेरे वर आणायचे आणि क्लच सोडायचा. हे टाच-पंजाचं तंत्र शिकायला मला सहा महिने लागले. आजही दहातल्या सहा वेळा जमतं. उरलेल्या चार वेळा गाडी हिसका देते आणि शेजारी बसलेला माणूस काही न बोलता माझ्याकडे बघतो.

धागाकर्त्यांना मात्र एक सांगतो, त्यांना आवडणार नाही. तुमची गाडी आली तेव्हाच तिच्यात ४६० अश्वशक्ती होती. बहुतेक रस्त्यांवरची वेगमर्यादा ती दुसऱ्या गिअरमध्येच गाठेल. म्हणजे दांडा हातात असेल, पण तो हलवायची वेळ येणार नाही. मॅन्युअलची गंमत कमी ताकदीच्या गाडीत जास्त असते असं माझं मत आहे.

*

मी ट्रॅकवाला आहे, तेव्हा बाजू उघड करूनच लिहितो. आधी पोर्शे केमन जीटी४ मॅन्युअल होती, आता तीच पीडीके गिअरबॉक्सची आहे. कंपनीचे आकडे ४.४ आणि ३.९ सेकंद. इथं फरक शिंकेपेक्षा मोठा आहे.

पीडीके म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स. विषम गिअर एका क्लचवर, सम दुसऱ्यावर. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच लागून तयार बसलेला असतो. पॅडल ओढलं की एक क्लच सुटतो आणि त्याच क्षणी दुसरा धरतो. चाकांकडे जाणारी ताकद जवळजवळ तुटतच नाही.

पण मी बदललो तो वेगासाठी नाही. त्याला कारण एक दुपार आहे. तेव्हा माझ्याकडे जुनी मॅन्युअल गाडी होती. सरळ पट्टा, तिसऱ्यात इंजिन लाल रेषेपर्यंत चढलेलं. चौथा टाकायला दांडा मागे ओढला, हात नकळत जरा डावीकडे गेला आणि दुसरा पडला. क्लच सोडला. जो आवाज आला तो अजून कानात आहे. इंजिनाचे फेरे हद्दीबाहेर जाऊ न देणारा रेव्ह लिमिटर इंधन तोडू शकतो, पण चाकंच इंजिनाला ढकलून फिरवत असतील तर तो काय करणार? व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले आणि इंजिन गेलं. चूक शंभर टक्के माझी. दमलो होतो आणि तरी 'एक शेवटची फेरी' म्हणून उतरलो होतो.

पीडीकेला असा वेडा गिअर मागितला तर ती देतच नाही.

उणीव विचाराल तर आहे. आता फेऱ्या जास्त चांगल्या लागतात, पण घरी आल्यावर सांगायला कमी असतं. पूर्वी एखादा गिअर झकास बसला की तो संध्याकाळभर डोक्यात घोळायचा.

*

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मॅन्युअल विकली, ऑटो घेतली. रडलो नाही, आणि रोज चालवतो. वयाची पंचेचाळिशी म्हणताय म्हणून लिहिलं.

*

वरच्या सगळ्यांना 'ऑटो' म्हणजे आजची ऑटो डोळ्यांसमोर आहे. आम्ही त्यातली आधीची पिढी भोगली आहे.

दोन हजारच्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गाडी मी जुनी विकत घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, गाडी देखणी होती. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, एकच क्लच, आणि तो क्लच पायाऐवजी हायड्रॉलिक पंप दाबणार. पॅडल ओढलं की पंप क्लच सोडणार, गिअर बदलणार, पुन्हा क्लच धरणार. मधला क्षणभर ताकद गायब. हळू चालवताना प्रत्येक गिअरला डोकं पुढे आणि मग मागे. मुलगी मागच्या सीटवरून म्हणायची, बाबा, ही गाडी प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणते.

जोरात चालवलं की तीच गाडी छान वागायची, हेही खरं. गिअर बदलताना अ‍ॅक्सिलरेटर किंचित सैल सोडायचा, ही युक्ती मला तीन वर्षांनी समजली. पंप मात्र त्याआधीच दोनदा बदलून झाला होता.

म्हणून प्रश्न 'मॅन्युअल की ऑटो' असा विचारूच नका. कुठला मॅन्युअल आणि कुठला ऑटो ते विचारा. रबरात खुपसल्यासारखा लिबलिबीत दांडा असलेली मॅन्युअल मी चालवली आहे. तिच्यापेक्षा चांगला ऑटो केव्हाही घेईन.

*

मी टोयोटा जीआर८६ चालवते, मॅन्युअल. चार वर्षं झाली.

गाडी बघायला गेलो तेव्हा दुकानातला माणूस माझ्या नवऱ्याला सगळी माहिती देत होता, आणि माझ्याकडे वळून म्हणाला, मॅडमना ऑटोच सोपी जाईल. नवऱ्याला क्लचच्या गाडीचा सराव नाही. त्यानं तसं सांगितल्यावर पुढची पाच मिनिटं जी शांतता होती, ती मी अजून जपून ठेवली आहे.

गंमत म्हणजे या गाडीत हिशेब उलटा आहे. तिचा ऑटो सहा गिअरचा, टॉर्क कन्व्हर्टरचा (म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा), आणि शून्य ते शंभरला मॅन्युअलच पुढे राहते. तेव्हा 'ऑटो वेगवान' हे सरसकट खरं नाही.

तोटा सांगते. घरात दुसरं कुणी ही गाडी चालवत नाही. मुलानं परीक्षा ऑटोमॅटिकवर दिली, आणि बऱ्याच देशांत तसा परवाना फक्त ऑटोमॅटिकपुरताच मिळतो, म्हणजे त्याला हात लावायचीही सोय नाही. मला ताप आला की गाडी उभी. (हा तोटा आहे का, यावर आमच्याकडे दोन मतं आहेत.)

आणि गर्दीत काय होतं? कंटाळा येतो. पाय दुखतो. पण गर्दीत ऑटोमध्येही कंटाळाच येतो, फक्त पाय दुखत नाही. माझ्या प्रवासात गर्दी तासातली दहा मिनिटं असते. ती पन्नास मिनिटं असती तर मी हा प्रतिसाद वेगळा लिहिला असता.

*

मी गॅरेजवाला. बावीस वर्षं गाड्यांखाली पडून आहे. चालवण्यातलं तुम्ही बोला, मी झिजण्यातलं बोलतो.

मॅन्युअल: क्लच प्लेट झिजतेच, ती झिजण्यासाठीच असते. पण काही जण ती दहा वर्षं पुरवतात, काही जण दोन वर्षांत संपवतात. संपवणारे दोन प्रकारचे. एक, ज्यांचा डावा पाय कायम क्लचच्या पेडलवर विसावलेला असतो. दोन, जे चढावर ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरतात आणि त्याला कौशल्य समजतात.

जुनी मॅन्युअल घेत असाल तर मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी फेऱ्यांवर एकदम अ‍ॅक्सिलरेटर दाबून बघा. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर पळाला आणि वेग तिथंच राहिला, तर क्लच सरकतोय. दुसरी गोष्ट, सकाळी थंड गाडीत तिसऱ्यातून दुसरा टाका. खरखर ऐकू आली तर सिंक्रोनायझर, म्हणजे गिअर लागण्याआधी वेग जुळवणाऱ्या कड्या, गेलेत. मालक 'सवय झाली की जमतं' म्हणेल. सवय त्याला झालेली असते.

दोन क्लचचा गिअरबॉक्स: मुंगीच्या पावलानं सरकणारी गर्दी याला सोसत नाही. गाडी सरपटते तेव्हा आत क्लच घासतच असतो, तुम्हाला फक्त दिसत नाही. कोरडा क्लच लवकर तापतो. तेलात बुडालेला जास्त सोसतो, पण मग ते तेल वेळेवर बदलावं लागतं. पुढच्या गाडीमागे एकेक फूट सरकू नका, चांगली जागा होऊ द्या आणि एकदम पुढे घ्या.

टॉर्क कन्व्हर्टर: धागाकर्त्यांच्या एम२चा ऑटो या जातीचा आहे. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. एक पंखा तेल फेकतो, दुसरा त्या तेलानं फिरतो. निघताना घासायला काही नाहीच. वेग आला की कुलूप लागून दोघं एक होतात. पूर्वी हे गिअरबॉक्स मऊ आणि आळशी असायचे, त्यावरून त्यांची बदनामी झाली ती अजून चिकटून आहे. आताचे तसे नाहीत. रोजच्या वापराला, माझ्या हाताखालून गेलेल्यांत, सगळ्यात कमी कटकटीचे हेच.

*

गॅरेजवाले दादा, हाफ क्लचवर तोलून धरणाऱ्यांत मी आहे. आजपासून बंद. (एमएक्स-५वाला)

*

धाग्यात इतिहास मागितलेला नाही, तरी थोडा घुसवतो.

स्टीअरिंगमागची पॅडल्स फॉर्म्युला वन शर्यतीत गाजली ती १९८९ मध्ये. फेरारी ६४०, आणि पहिल्याच शर्यतीत, ब्राझीलमध्ये, नायजेल मॅन्सेल जिंकला. गिअरबॉक्स इतका बेभरवशाचा होता की गाडी शर्यत पुरी करेल असंच फारसं कुणाला वाटत नव्हतं. १९९७ मध्ये पॅडल्स फेरारी एफ३५५ मधून रस्त्यावर आली. वर एका दादांनी भोगलेली एका क्लचची जात ती हीच. दोन क्लचचा गिअरबॉक्स रस्त्यावरच्या गाडीत आणला २००३ च्या फोक्सवॅगन गोल्फ आर३२ नं.

मग आला २०१३. पोर्शेनं ९११ जीटी३ फक्त पीडीकेमध्ये काढली. तर्क चोख होता: ट्रॅकची गाडी, पीडीके वेगवान, विषय संपला. गिऱ्हाइकांच्या लेखी तो संपला नाही. २०१६ मध्ये कंपनीनं ९११ आर काढली, फक्त मॅन्युअल, ९९१ गाड्या, आणि त्यांच्यावर उड्या पडल्या. २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअल परत. टोयोटा सुप्राचंही तसंच. २०१९ मध्ये आली ती ऑटोच, २०२२ मध्ये मॅन्युअल जोडावा लागला. आणि जीआर यारिसचा प्रवास उलटा: आधी फक्त मॅन्युअल, २०२४ मध्ये आठ गिअरचा ऑटो.

कोनिग्सेगनं तर २०२२ च्या सीसी८५० मध्ये एकाच गिअरबॉक्सला दोन्ही कामं लावली. क्लच दाबून सहा गिअरचा दांडा चालवा, नाहीतर नऊ गिअरचा ऑटो म्हणून सोडून द्या. धागाकर्त्यांनी ती घ्यावी, प्रश्नच मिटेल.

*

माझी गाडी विजेची. ह्युंदाई आयोनिक ५ एन. तिला गिअर नाहीतच, पण बटण दाबलं की ती आठ गिअर असल्याचं नाटक करते. पॅडल ओढलं की धक्का देते, आवाज बदलते, लाल रेषेला अडकते. सगळं खोटं आहे हे मला ठाऊक आहे. तरीही रोज ते बटण दाबतो. यावरून काय तो निष्कर्ष काढा.

*

धागाकर्ता बोलतोय. सगळ्यांचे आभार, आणि कोनिग्सेग सुचवणाऱ्यांचे खास.

शनिवारी दोन्ही गाड्या एकापाठोपाठ चालवल्या, त्याच रस्त्यावर. आधी ऑटो. दोष शोधत होतो, सापडला नाही. मागितला तो गिअर हजर. वेग असा की दोनदा स्वतःलाच रागावलो. परतीच्या वाटेवर मात्र लक्षात आलं की गेली दहा मिनिटं मी सोमवारच्या मीटिंगचा विचार करतोय. हातात एम२ आणि डोक्यात मीटिंग.

मग मॅन्युअल. शोरूमच्या फाटकातच बंद पाडली, सगळ्यांदेखत. दांडा एमएक्स-५ वाल्यांनी वर्णिला तसा नाही, थोडा लांब पडतो आणि जरा रबरी वाटतो. खाली गिअर टाकताना इंजिनाचे फेरे गाडी स्वतःच जुळवून देते. ती मदत बंद करता येते. बंद केली, आणि दहातल्या सहा वेळा काय, एकदाही जमलं नाही. दुसऱ्या गिअरबद्दलचा इशाराही खरा निघाला, तिसऱ्याची गरज फारशी पडली नाही. पण त्या अर्ध्या तासात मीटिंग एकदाही आठवली नाही.

गुडघेवाल्यांचा प्रतिसाद रात्री पुन्हा वाचला. ताईंचा गर्दीचा हिशेब स्वतःला लावून पाहिला, माझी गर्दी तासातली वीस मिनिटं आहे. सोमवारी मॅन्युअल बुक केली.

गाडी यायला चार महिने आहेत. तोवर बायकोच्या गाडीवर टाच-पंजाचा सराव करतो म्हणालो. ती म्हणाली, आधी क्लच प्लेटचे पैसे ठेव आणि मग किल्ली उचल.