मदत हवी आहे: कॅन्सरमुळे रक्तात गुठळ्या, त्यातून आईला स्ट्रोक. इंजेक्शन चालू ठेवावं की गोळ्या?

नमस्कार मंडळी,

आई 61 वर्षांची, अंडाशयाचा कॅन्सर. तिसऱ्या किमोनंतर दहाव्या दिवशी सकाळी मेथी निवडत बसली होती. डाव्या हातातून काड्या गळून पडत होत्या आणि तिला ते कळतच नव्हतं. लगेच जवळच्या दवाखान्यात नेलं. "किमोचा अशक्तपणा आहे, सलाईन लावू" म्हणाले, त्यात चार तास गेले. तोंड वाकडं व्हायला लागलं तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, पण गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत तोवर टळली होती. हे मनातून जातच नाही. कुणाच्या घरी किमो चालू असेल आणि अचानक एका बाजूचा हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर कृपा करून अशक्तपणा समजून थांबू नका.

बीपी, शुगर नॉर्मल. मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी (डॉप्लर) स्वच्छ, ईसीजीही ठीक. पण एमआरआयमध्ये मेंदूच्या दोन्ही बाजूंना आणि लहान मेंदूतही बारीक बारीक इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न पोचल्याने मेलेले भाग. डी-डायमर (रक्तात गुठळ्या होतायत का ते सुचवणारी तपासणी) 6200, नॉर्मल 500 च्या आत. न्यूरोचे डॉक्टर म्हणाले, एकाच वेळी इतक्या ठिकाणी रक्त अडलंय म्हणजे हे कॅन्सरचंच काम. गाठीतल्या पेशी रक्त गोठवणारी द्रव्यं सोडतात. ट्रूसो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कॅन्सर आणि गुठळ्यांचा हा संबंध 1865 मध्येच सांगितला होता म्हणे.

सध्या गुठळ्या रोखणारं एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन, 60 मिग्रॅ, दिवसातून दोनदा पोटावर. मीच देते. बेंबीच्या दोन्ही बाजूंना निळेजांभळे डाग पडलेत, सुई टोचायला जागा सापडत नाही. आई काही बोलत नाही, पदर बाजूला करते आणि तोंड भिंतीकडे फिरवते.

कॅन्सरचे डॉक्टर म्हणतात, इंजेक्शनऐवजी ॲपिक्साबॅनच्या, म्हणजे गुठळ्या रोखणाऱ्याच, गोळ्या सुरू करू. न्यूरोचे म्हणतात, इतक्यात नको. आधी अन्ननलिकेतून नळी घालून इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाच्या झडपांवर गुठळ्या आहेत का ते बघू. त्यात प्लेटलेट 68 हजारांवर घसरल्यात, म्हणजे या औषधांनी रक्तस्राव व्हायची भीती.

कुणाच्या घरी इंजेक्शनवरून गोळ्यांवर आणलंय का? परत स्ट्रोक आला का? प्लेटलेट 50 हजारांखाली गेल्यावर तुमच्या डॉक्टरांनी डोस कमी केला की बंदच केला? तो इको एवढ्या अशक्त माणसाला झेपतो का?

डोस मी मनाने बदलणार नाही, डॉक्टरांनाच विचारणार आहे. पुढची किमो सोमवारी आहे. त्याआधी दोघा डॉक्टरांना एकत्र बसवायचा प्रयत्न चाललाय. तिथे काय काय विचारू, तेही सांगा.