भोवऱ्यावरची अक्षरे
रविवारच्या ज्यू धार्मिक शाळेत सणासुदीला मुले नुसती खेळतात, शिकत काहीच नाहीत, असे काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणातला चौकोनी भोवराच घ्या: त्याच्या चार बाजूंवरची ‘नून’, ‘गिमेल’, ‘हे’ आणि ‘शिन’ ही हिब्रू अक्षरे म्हणजे ‘तिथे मोठा चमत्कार घडला’ या हिब्रू वाक्यातील शब्दांची आद्याक्षरे आहेत, आणि इस्राएलमधल्या भोवऱ्यावर शिनऐवजी पे असते, कारण तिथल्या मुलांसाठी ‘तिथे’चे ‘इथे’ होते. वल्हांडण, म्हणजे मिसरमधून (इजिप्तमधून) झालेल्या सुटकेचा सण; त्याच्या भोजनात त्या रात्रीच्या वेगळेपणाबद्दलचे ठरलेले चार प्रश्न विचारण्याचा मान परंपरेने सर्वांत धाकट्या मुलाचा असतो, त्यामुळे ते आधी पाठ करून घ्यावे लागतात. या सणाची मात्सा, म्हणजे पीठ आंबू न देता केलेली भाकर, पिठाला पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आत भाजून निघावी लागते. समोर घड्याळ ठेवून, पिठाने माखलेल्या हातांनी ती लाटणाऱ्या मुलाला मिसरमधून घाईने निघालेल्या पूर्वजांची बेखमीर भाकर वेगळी समजावून सांगावी लागत नाही.