मदत हवी आहे: फराळासाठी हेम्पचे डबे घ्यावेत का?

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची, रामबागेत राहते. गेली आठ वर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते, निम्मा माल कुरिअरने पुण्या-मुंबईला जातो. १ जुलै २०२२ पासून मिठाईच्या डब्यावर गुंडाळायची प्लास्टिक फिल्म बंद झाली, तेव्हा ती सोडली. आतली पिशवी मात्र अजून प्लास्टिकचीच. कचऱ्याच्या गाडीत सुका कचरा टाकताना शेजारच्यांच्या बादलीत माझ्याच चकलीच्या पिशव्या दिसतात. फार लागतं मनाला.

एका विक्रेत्याने हेम्पच्या, म्हणजे भांगेच्या झाडाच्या वाखाच्या डब्यांचे नमुने पाठवलेत. पण हे खरंच हेम्प आहे का? आपण ज्यूटलाही ताग म्हणतो आणि सनालाही, आणि इंग्रजीत सन आणि अंबाडी या दोघांच्याही नावाला हेम्प जोडतात. या तिन्ही झाडांचा भांगेशी संबंध नाही. भांगेची गोष्ट वेगळी. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम १४ खाली सरकार धाग्यासाठी आणि बियांसाठी लागवडीला परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने २०१८ मध्ये ती दिली, झाडात टीएचसी हा नशेचा घटक ०.३ टक्क्यांच्या आत हवा. विक्रेत्याला माल कुठला विचारलं, तर "बाहेरून येतो" एवढंच उत्तर. सनाचा असला तरी मी घेईन, आपल्याच शेतातलं पीक आहे. पण मग बिलावर सन लिहा आणि भावही सनाचाच लावा.

दुसरी अडचण तेलाची. एका डब्यात बारा चकल्या घालून झाकण लावून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी तळाला डाग, तिसऱ्या दिवशी डाग आरपार आणि चकली मऊ. यात नवल नाही, धागा कुठलाही असो, नुसता लगदा तेलही पितो आणि पावसाळी हवाही. हे कळवल्यावर म्हणतात, आतून पीएलएचं, म्हणजे पिकापासून केलेल्या प्लास्टिकचं अस्तर देतो. ते मक्यासारख्या पिकापासून करतात हे खरं, पण ते कुजायला साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते, ती कारखान्यातल्या खतखड्ड्यात मिळते, अंगणातल्या कुंडीत नाही. मग गिऱ्हाइकाने डबा ओल्या कचऱ्यात टाकायचा की सुक्यात? आणि तेल अडवायला पीएफएएस नावाची, सहजी न कुजणारी रसायनं वापरतात असंही वाचलंय. ती तर खाण्याच्या वस्तूजवळ मला मुळीच नकोत.

कोणी असे डबे तळणीच्या पदार्थांसाठी वापरलेत का? वाख कुठला हे तपासून देणारी प्रयोगशाळा इंदूर-भोपाळकडे आहे का? डबा बिनअस्तराचा ठेवून आत बटर पेपर घातला तर चकली पाच दिवस टिकेल का? डब्यामागे अठरा रुपयांच्या वर मला परवडत नाही.

गणपती उठले की ऑर्डरी सुरू होतात, त्याआधी पाचशे डब्यांचं ठरवायचंय. बडोद्याकडे कोणी फरसाणवाले असतील तर त्यांनी जरूर लिहा.