'जिद्दी' म्हणणं कौतुक की टोमणा? जिद्द, हट्ट, चिकाटी यातला फरक सांगा

इंदूरची_लेक
मी इंदूरची, घरी मराठी पण शाळा, मैत्रिणी सगळं हिंदीत. लग्न होऊन पुण्यात आले त्याला नऊ वर्षं झाली. पहिल्याच वर्षी सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या "आमची सून भारी जिद्दी आहे हो" आणि मला ते इतकं लागलं की दोन दिवस मी नीट बोललेच नाही, कारण आमच्याकडे 'बड़ी ज़िद्दी लड़की है' म्हणजे कुणाचं न ऐकणारी. नंतर नवऱ्याने सांगितलं अगं ते कौतुक होतं. आता पुढच्या महिन्यात सासूबाईंची साठी आहे आणि मला चार शब्द बोलायचेत. त्यांनी २२ वर्षं डबे केले, पहाटे चारला उठून, सासरे आजारी होते तेव्हासुद्धा एक डबा चुकला नाही. त्यांच्यासाठी कुठला शब्द घेऊ, जिद्द, चिकाटी, निर्धार, चिवटपणा? भलताच शब्द पडून त्यांना लागायला नको.

बाराखडी
ताई, तुमचं चुकलं नाही. शब्द एकच, मुळात अरबी, अर्थ विरोध, उलट बाजू. फारसीतून इकडे आला आणि हिंदीत हट्टाकडे झुकला, मराठीत कौतुकाकडे. पण विरोधाचा तो जुना अंश मराठीत पण राहिलाय असं मला वाटतं. जिद्दीला समोर कुणीतरी लागतं, नाही म्हणणारा माणूस, गरिबी, एकदा आलेलं अपयश. नापास झाला आणि जिद्दीने परत बसला, असं. चिकाटीला समोर कुणी लागत नाही. तो शब्दच चिकटण्यातला, कुणी बघत नसताना, कुणी शाबासकी देत नसताना रोज तेच काम धरून राहायचं. २२ वर्षं डबे म्हणजे चिकाटीच. पण ज्या दिवशी डबे सुरू केले तो दिवस कदाचित जिद्दीचा असेल, ते घरात विचारून बघा.

ओसरी
बाराखडी, पटलं. मी अजून एक बघते, शब्दासोबत क्रियापद कुठलं येतं ते. हट्ट आपण धरतो आणि पुरवतो मात्र दुसरा कुणीतरी, म्हणून तर लहान मुलांचा हट्ट असतो. जिद्द कुणी पुरवत नाही, ती बाळगायची किंवा जिद्दीला पेटायचं. चिकाटी पेटत नाही कधी, ती लागते, आणि सोडायची नसते. हेका धरायचा, तो चांगला नाहीच. निर्धार एकदाच करायचा असतो, पुढचं सगळं चिकाटीवर. आणि 'अभ्यास' विसरू नका. तुकोबांच्या 'असाध्य ते साध्य करितां सायास । कारण अभ्यास' मधला अभ्यास म्हणजे पुस्तक घेऊन बसणं नाही, पुन्हा पुन्हा करत राहणं. आपण तो शब्द शाळेला देऊन टाकला याचं मला खरंच वाईट वाटतं.

पंचगंगा_काठ
आमच्या कोल्हापूर भागात ईर्षा पण चांगल्या अर्थाने चालते बरं का. पेपरात सर्रास येतं 'ईर्षेने मतदान', म्हणजे चुरशीने, हिरिरीने. पोरगं ईर्षेनं खेळतंय म्हणलं की पाठीवर थाप समजायची. पुस्तकी मराठीत मात्र ईर्षा म्हणजे मत्सर, त्यामुळे पुण्याच्या कार्यक्रमात नको. त्यापेक्षा 'नेटानं' घ्या. नेट म्हणजे जोर. नेटानं डबे केले म्हणलं की कष्ट पण आले आणि न थांबणं पण आलं.

मैदानावरचा
चिवटपणा शब्द माझा लाडका आहे, पण साठीला नको. चिवट म्हणजे ओढलं तरी न तुटणारं, चामड्याच्या वादीसारखं. शेवटची जोडी तासभर उभी राहिली की 'चिवट झुंज' लिहितात आणि ते शोभतं तिथं. असंच 'खडूस' चं. एरवी खडूस म्हणजे तिरसट माणूस, पण मुंबईच्या क्रिकेटमध्ये खडूस ही पदवी, विकेट फुकट न देणारा, हरायला आलेली मॅच पण न सोडणारा. शिवाजी पार्कवर हे ऐकताना छाती फुगते, पण तोच शब्द सासूबाईंना वापरलात तर समजावत बसावं लागेल. शब्द कुठं उभं राहून बोलतोय त्यावर फार आहे सगळं.

इंदूरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. बाराखडी म्हणाले तसं नवऱ्याला विचारलं. सासऱ्यांची नोकरी गेली तेव्हा नात्यातलं कुणीतरी म्हणालं होतं की आता काय बाई लोकांचे डबे करणार का, आणि त्याच आठवड्यात सासूबाईंनी चार डब्यांपासून सुरुवात केली. मला हे नऊ वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणून त्या दिवसासाठी जिद्द घेतलाय आणि पुढच्या २२ वर्षांसाठी चिकाटी. शेवटी 'संसार नेटाने केला' असं लिहिलंय. 'नेटका केला' म्हणलं तर तेच होतं का?

पंचगंगा_काठ
नाही, नेटका म्हणजे नीटनेटका, व्यवस्थित. तो पण खोटा नसणार, पण तुम्ही जे सांगताय त्याला नेटानंच बसतं. काकूंना आमच्याकडून नमस्कार सांगा.