नखरेल मांजरांसाठी नवे दाणे सुचवा (दोघं मोठी आहेत, पिल्लं नाहीत)

ओसरीवरची:
नमस्कार मंडळी. घरात दोन मांजरं. पंत साडेपाच वर्षांचा बोका, नसबंदी झालेली, वजन ५.८ किलो (डॉक्टरांच्या मते किलोभर जास्त). सुंठ चार वर्षांची भाटी, जेमतेम सव्वातीन किलो. दोघं फ्लॅटमधलीच, मुक्काम ठाणे.

तीन वर्षं एकच दाणे निमूट खात होती. मेमध्ये ते मिळेनासे झाले. दुकानदार म्हणाला, "हे घ्या, तसंच आहे," म्हणून दुसऱ्या कंपनीची ७ किलोची पिशवी उचलली, मोठी स्वस्त पडते ना. महिनाभर सगळं ठीक. जूनच्या अखेरीपासून मात्र नाटकं सुरू. पंत वास घेतो, ताटलीभोवतीची फरशी पंजाने खरवडतो (शी झाकताना करतो तस्संच!) आणि निघून जातो. सुंठ दोन दाणे तोंडात घेते, एक खाली पाडते, माझ्याकडे बघते. ट्यूना, चिकन, सी-फूड अशी तीन छोटी पाकिटंही आणून डब्यात ओतून झाली. ओल्या खाण्याचं पाऊच फोडलं की मात्र दोघं शेपट्या उभारून हजर.

सासूबाईंचा श्रावण असल्यामुळे घरात मासळी बंद, त्यामुळे काटे काढून वर घालायचा मार्गही नाही. दोघांना चालेल असा ब्रँड सुचवा. बजेट मध्यम.

गच्चीवरचा:
आमच्याकडे मी-ओ सुखाने चालतं. पण आमचा गडी उशीचा अभ्राही खातो, तेव्हा माझं मत धरू नका.

तिखटजाळ:
लाड कमी करा. दोन दिवस दुसरं काही देऊ नका, झक मारत खातील. आमच्या गावच्या मांजरांना कोण ब्रँड विचारतं?

कऱ्हाकाठ:
तिखटजाळ, राग मानू नका, पण हे अजिबात करू नये. गावचं मांजर वाडग्यात मिळालं नाही तर उंदीर, पाल, चिमणी काहीतरी गाठतं. फ्लॅटमधलं कुठे जाणार? त्यात पंत जाड आहे. जाड मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं की अंगावरची चरबी भराभर यकृतात येऊन साठते, यकृत ती झेपवू शकत नाही आणि कावीळ होते. हेपॅटिक लिपिडोसिस म्हणतात. कुत्रा हट्टाने उपाशी राहिला तर बहुधा शेवटी खातो. मांजराच्या हट्टावर पैज लावू नये. २४ तास काहीच पोटात गेलं नाही तर डॉक्टरांना फोन.

ओसरीवरची ताई, ब्रँडचं नंतर बोलू. आधी हे सांगा: पिशवी नक्की कधी फोडली? दाणे कशात ठेवता? आणि सुंठ दाणा पाडते तेव्हा मान एका बाजूला कलते का?

ओसरीवरची:
पिशवी १५ मेच्या सुमाराला फोडली. दाणे प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यात, गॅलरीच्या दाराजवळ. रोज दोघांत मिळून शंभरेक ग्रॅम जातात. आता तुम्ही विचारल्यावर व्हिडिओ काढून बघितला. हो, डावीकडे मान करून चावते. हे मला कसं दिसलं नाही इतके दिवस?

कऱ्हाकाठ:
मांजर दुखणं लपवतं, सगळ्यांचंच असं होतं.

आता हिशोब बघा. ७ किलो भागिले रोजचे १०० ग्रॅम म्हणजे ७० दिवस. फोडलेली पिशवी साधारण महिना-दीड महिन्यात संपायला हवी, तीही कोरड्या हवेत. तुमची जून-जुलैच्या ठाण्यात, गॅलरीच्या दाराशी! दाणे यंत्रातून शिजून फुगून निघाले की त्यांच्यावर वरून चरबी आणि चवीचा मसाला फवारतात. मांजराला आवडतो तो वास त्या बाहेरच्या थराचा, आणि हवा लागून आधी खवट होतो तोही तोच. आपल्याला शेंगदाण्याचा खवटपणा चावल्यावर कळतो. मांजराला ताटलीपासून हातभर अंतरावर कळतो. पंत फरशी खरवडतो ते उगाच नाही, त्याच्या लेखी ती पुरण्याची वस्तू आहे.

आणि तीन पाकिटं 'डब्यात ओतली' हे वाचून मी कपाळावर हात मारला. जुनं तेल डब्याच्या भिंतीला बसलेलं असतं, नव्या दाण्यांना तोच वास लागतो. म्हणजे ती तिन्ही पाकिटं खरं तर त्यांनी कधी चाखलीच नाहीत.

करायचं काय: डबा साबणाने घासून उन्हात (मिळालं तर) खडखडीत वाळवा. पुढच्या वेळी पिशवी रिकामी न करता पिशवीसकट डब्यात ठेवा, तोंड चिमट्याने बंद. तारीख आणि बॅच नंबरही त्यामुळे हाताशी राहतो. दीड किंवा तीन किलोपेक्षा मोठं काही घेऊ नका. काही दुकानांत सुटे दाणे मिळतात, ते तर नकोच, कधी फोडलेत ते दुकानदारालाही माहीत नसतं.

सुंठला मात्र डॉक्टरांकडे न्या, दाढ दाखवा. पाऊच चाटता येतं, दाणा चावावा लागतो. म्हणून पाऊचवर उडी आणि दाण्याला नकार, हा सगळा वेळ नखराच असतो असं नाही.

ओसरीवरची:
बापरे. शनिवारची वेळ घेतली आहे. पण डबा धुतला तरी ब्रँड लागेलच ना?

गच्चीवरचा:
म्हणजे सुंठीवाचून खोकला जाणार नाही तर! (सॉरी, राहवलं नाही.)

मोजपट्टी:
ब्रँडवर मी लिहिते. माझ्याकडे तीन आहेत, त्यातली एक महाचोखंदळ.

पाकिटाचा पुढचा फोटो बघू नका, मागे वळवा. प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा, आणि छापलेली असेल तर राख (म्हणजे खनिजं), यांची बेरीज करून १०० मधून वजा करा. उरतं ते ढोबळमानाने कार्बोहायड्रेट. समजा प्रोटीन ३०, फॅट १०, फायबर ४.५, ओलावा १०, राख ८. बेरीज ६२.५, म्हणजे उरलेले ३७.५ टक्के पीठच. दाणा आकारात राहायला थोडं पीठ लागतंच, पण फ्लॅटमध्ये लोळणाऱ्या पंतांना एवढं कशाला?

प्रोटीनच्या आकड्यालाही फसू नका. पाऊचवर ८ टक्के बघून लोक नाक मुरडतात. पण त्यात ८२ टक्के पाणी असतं. पाणी वगळून बघितलं तर ८ भागिले १८, म्हणजे ४४ टक्के. दाण्यांचे ३० टक्के तसेच मोजले तर ३३. पाऊच जिंकलं.

फ्लेवरमागे धावू नका. एकाच कंपनीचे ट्यूना आणि सी-फूड कित्येकदा आतून जवळपास सारखेच असतात, फरक वरच्या फवाऱ्याचा. मांजराचं खाणं जिभेआधी नाकाने ठरतं. गोड तर त्यांना कळतच नाही, ती चव ओळखणारा एक जनुक मांजरकुळात निकामी आहे. दाण्यांवर चमचाभर कोमट पाणी टाकून पाच मिनिटं ठेवलं तर वास सुटतो. मात्र भिजवलेले अर्ध्या तासात उचला, आपल्या हवेत लगेच आंबतात.

आता नावं. रॉयल कॅनिनची एक्झिजंट नावाची मालिका चोखंदळ मांजरांसाठीच आहे, माझ्या महाराणीने तीच पसंत केली. पण पीठ त्यातही आहे, आणि खिशाला जड. फारमिनाच्या धान्यविरहित दाण्यांत प्रोटीन पुष्कळ, कॅलरीही पुष्कळ, पंतला दिलेत तर काट्यावर मोजूनच द्या. व्हिस्कस आणि मी-ओ कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात, बहुतेक मांजरं आवडीने खातात, पीठ जास्त. (व्हिस्कस आणि रॉयल कॅनिन दोन्ही मार्सचीच. एकाच घरातल्या थोरल्या-धाकट्या जावा.) माझं मत: नसबंदी झालेल्या मांजरांसाठीचे दाणे घ्या, ज्या कंपनीचे तुमच्या दुकानात नेहमी मिळतात त्यांचे, आणि रोज एक पाऊच दोघांत. परत तीन वर्षांनी 'मिळेनासे झाले' नको. त्यासाठी दोन कंपन्यांचे दाणे आलटून पालटून ठेवायची सवय लावा.

तिखटजाळ:
उपाशी ठेवण्याचे शब्द मागे घेतो. पण एक विचारू? सासूबाईंचा श्रावण आहे तर शाकाहारी कॅटफूड मिळतं म्हणे, ते?

मोजपट्टी:
मांजराला श्रावण नसतो हो. टॉरिन नावाचा घटक मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, आणि निसर्गात तो मुख्यतः मांस-मासळीत मिळतो. कमी पडला तर डोळ्याचा पडदा खराब होतो, हृदय ताणून सैल पडतं. कृत्रिम टॉरिन घालून शाकाहारी दाणे करतात खरे, पण नखरेल मांजरावर तो प्रयोग मी करणार नाही. दूध-पोळी हेही जेवण नव्हे. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही.

कऱ्हाकाठ:
दोन गोष्टी राहिल्या. बदल हळूहळू: पहिले दोन-तीन दिवस पाव हिस्सा नवे, मग निम्मे, मग पाऊण. आठ-दहा दिवस लागू देत. तुमचे जुने खवट आहेत, तेव्हा ते मिसळू नका, त्यांच्याच ब्रँडचं छोटं ताजं पाकीट आणून त्यात मिसळा.

दुसरं, पंत बोका आहे आणि मुख्यतः कोरडं खातो. पाण्याची दोन-तीन भांडी ठेवा, खाण्यापासून आणि लिटरपासून (शी-शूच्या ट्रेपासून) लांब. तो लिटरमध्ये सारखा बसतोय, कुंथतोय आणि शू होत नाहीये असं दिसलं, तर सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठा. मूत्रमार्ग तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं.

ओसरीवरची (तीन आठवड्यांनी):
उशिरा लिहितेय, माफ करा. सुंठची डावीकडची दाढ हिरडीपाशी आतून झिजत गेली होती. भूल देऊन काढली. आठवडाभर फक्त पाऊच कालवून दिलं, आता दाणे कुडुमकुडुम खाते, मान सरळ ठेवून. मी तिला महिनाभर नखरेल म्हणत होते याचं वाईट वाटतं.

दाणे नसबंदीवाले घेतले, दीड किलोची पिशवी, पिशवीसकट डब्यात. पंतांनी पहिल्या दिवशी फरशी खरवडली नाही, तेव्हा सासूबाईच आधी ओरडल्या, "खातोय गं!" जुने दाणे खालच्या मांजरांना द्यायचं मनात आलं होतं, पण आपल्या पोरांना न चालणारं खवट त्यांनी का खावं, म्हणून टाकून दिले.

पंतांना आता रोज ५५ ग्रॅम काट्यावर मोजून मिळतात, पाऊच असेल त्या दिवशी थोडे कमी. हे त्यांना मंजूर नाही. पहाटे साडेचारला छातीवर येऊन बसतात आणि एक पंजा माझ्या पापणीवर ठेवतात. त्यासाठी वेगळा धागा काढते.