आबाजींच्या घडीचं मशीन बदलायचं का?

दादा, पुसद: आबाजींची एचएमटी जनता पेटीतून काढली. चाबी भरली तं चालून रायली, पण रोज मागं पडते. बाजारातला कारागीर म्हणे, मशीनच बदला. काकाजी, देऊ का?

काकाजी: नको रे बाप्पा! मशीन काढलं का आबाजींचं त्यात काय उरलं? आधी तिची तब्येत पाहू. फोनची वेळ नेटवर्कवरून आपोआप येऊ दे. रोज सकाळी एकाच टायमाले चाबी पूरी भर अन् घडी फोनच्या किती सेकंद मागं-पुढं हाये ते वहीत लिही. मधात काटे मिळवू नको, मिळवले का हिशेब गेला. आजच्या अन् कालच्या आकड्यातला फरक, तीच तिची रोजची चाल.
एक दिवस काच वर करून ठेव, एक दिवस चाबी वर, एक दिवस चाबी खाली. आठवडाभर कर.

मोठेबाबा: आबाजी रेडिओच्या बातम्यांआधीच्या ठोक्यावर मिळवत. रोज.

ताई, अमरावती: काकाजी, मी फोनमध्ये टिकटिक ऐकणारं ॲप टाकलं. सासऱ्यांची घडी दिवसाला +४ सेकंद दाखवते. अँप्लिट्यूड १९०. चांगली आहे न?

काकाजी: +४ पाहून खुश होऊ नको, बेटा. स्वित्झर्लंडच्या क्रोनोमीटर (लय अचूक घडी) परीक्षेत सरासरी चाल दिवसाले −४ ते +६ सेकंदांत चालते, म्हणजे चाल उत्तमच. पण तब्येत १९० मध्ये हाये. बॅलन्सचं, म्हणजे मागं-पुढं झुलणारं चाक मधापासून एका बाजूले किती अंश फिरते, तो हा आकडा. पूरी चाबी भरून, काच वर ठेवली तं साधारण २७० ते ३०० पाहिजे. तेल सुकलं, घाण साचली का चाबीची मोठी कमानी थकली, का झोका लहान होते. अशी घडी आज बरोबर दाखवन, पण चाबी उतरली का मनगटावर चाल बदलन. चाल बरोबर म्हणजे घडी निरोगी, असं नाही.

आता ॲपचं. ते अंश थेट मोजत नाही, ठोक्यातल्या बारीक आवाजांमधल्या वेळेवरून काढते. त्यासाठी लिफ्ट अँगल, म्हणजे एका ठोक्याच्या धक्क्यात चाक जेवढे अंश फिरते तो कोन, बरोबर लागते. बहुतेक ॲप ५२ धरते, तुमच्या मशीनचा वेगळा असन तं १९० पण चुकीचे. जनतासारख्या घडीत तासाले १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाले पाच. ते सेटिंग पाह्यजो. कूलर चालू असताना मोजू नको. लाईन गेली का लगेच बस, तेव्हाच खरी शांतता राह्यते.

ताई, अमरावती: बीट एरर ०.६ आहे.

काकाजी: टिक अन् टॉकच्या वेळेतला फरक तो. एक मिलिसेकंदाच्या आत हाये, चिंता नाही. चाबी भरल्यावर २४ तासांनी पुन्हा अँप्लिट्यूड घे. थोडा उतरनच, लय पडला तं सर्व्हिस.

भाचा, वणी: मामाजी, माही घडी अचानक दिवसाले दहा मिनिटं पुढं जाऊन रायली. स्पीकरवर ठेवली होती.

काकाजी: चुंबक लागलं असन. बालकमानीचे, म्हणजे झुलणाऱ्या चाकाच्या बारीक कमानीचे वेढे एकमेकांले चिकटते अन् घडी पळते. साधं होकायंत्र जवळ ने, घडी फिरवली का सुई ओढली जाते का पाह्य. कारागिराजवळ चुंबक उतरवायचं यंत्र राह्यते, खोलायची गरज नाही.

दादा, पुसद: म्हणजे कारागिराले काय सांगू?

काकाजी: वही दाखव अन् म्हण, खोलून साफ करा, तेल द्या, जुना एकही पार्ट मले न विचारता बदलू नका. परत आली का पुन्हा आठवडाभर लिही अन् दोन्ही पानांचे फोटो इथं टाक.

दादा, पुसद: हो काकाजी. उद्यापासून सुरू करतो.