‘ऑर्डिनन्स लॅप्स होतो’ म्हणजे मराठीत त्याचे काय होते?

मसुदाकार
राज्यपालांच्या ऑर्डिनन्सवरच्या, म्हणजे अधिवेशन चालू नसताना ते काढतात त्या तात्पुरत्या कायद्यावरच्या, लेखाचा अनुवाद करतो आहे. मूळ वाक्याचा आशय असा: विधिमंडळाने मुदतीत संमत केला नाही, तर ऑर्डिनन्स ‘लॅप्स’ होतो. मी ‘रद्द होतो’ लिहिले. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘व्यपगत होतो’ केले. ‘व्यपगत’ किती वाचकांना कळेल? दुसरा शब्द सुचवा.

विधिलेखक
‘रद्द’ खोडले ते योग्यच झाले. रद्द करायला कोणीतरी कर्ता लागतो, आणि इथे कोणी काही केलेले नसते, फक्त मुदत संपलेली असते. ऑर्डिनन्स संपण्याच्या चार तऱ्हा आहेत. राज्यपाल तो मागे घेतात. विधानसभा नापसंतीचा ठराव करते आणि विधानपरिषद असेल तर तीही त्याला दुजोरा देते. त्याच्या जागी अधिनियम, म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा, येतो आणि त्या अधिनियमातल्या ‘निरसन व व्यावृत्ती’ या कलमाने (जुना कायदा काढून टाकणारे, पण त्याखाली झालेले काम राखणारे कलम) ऑर्डिनन्स निरसित होतो. यांतले काहीच घडले नाही, तर अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी तो आपोआप संपतो. ‘लॅप्स’ फक्त या चौथ्याला म्हणायचे. दोन सभागृहे वेगवेगळ्या दिवशी भरली तर सहा आठवडे नंतरच्या तारखेपासून मोजतात, हेही अनुवादात अनेकदा गळते.

आणखी एक. ऑर्डिनन्स ‘संमत’ होत नसतो. तो सभागृहापुढे ठेवला जातो; संमत होते ते त्याच्या जागी आलेले विधेयक.

राजपत्रवाचक
‘रद्द’ टाळायचे आणखी मोठे कारण आहे. संविधानाच्या अनुच्छेद २१३ मध्येच दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत. मुदत संपली की ऑर्डिनन्सचा अंमल थांबतो. पण विधिमंडळाच्या अधिनियमातही जी तरतूद वैध ठरली नसती ती ऑर्डिनन्समध्ये घातली असेल, तर तेवढ्यापुरता तो शून्यवत असतो. अंमल थांबणे वेगळे आणि मुळातच निर्बल असणे वेगळे.

यावरच सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाचा २ जानेवारी २०१७ चा कृष्णकुमार सिंह निकाल आहे. बिहारमध्ये १९८९ पासून एकामागून एक ऑर्डिनन्स काढून खासगी संस्कृत शाळा सरकारने ताब्यात घेतल्या, पण एकही ऑर्डिनन्स विधिमंडळापुढे ठेवला नाही. तो संपल्यावर शिक्षकांचा सरकारी नोकरीवरचा हक्क उरतो का, असा प्रश्न होता. असे हक्क आपोआप टिकत नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. हा सगळा वाद ‘लॅप्स’नंतर काय उरते याचा आहे. तिथे ‘रद्द’ लिहिले की वाचकाला उत्तर आधीच मिळते, आणि तेही चुकीचे.

साधेमराठी
मग सरळ ‘मुदत संपून बाद होतो’ लिहा. आणि तो ‘ऑर्डिनन्स’ कशाला? ‘वटहुकूम’ हा उत्तम शब्द आपल्याकडे आहे. वटहुकूम काढतात आणि वटहुकूम संपतो. ‘प्रख्यापित’ (म्हणजे काढलेला), ‘व्यपगत’ यांची गरजच पडत नाही.

विधिलेखक
‘बाद’ चालेल. ‘वटहुकूम’ चालणार नाही. संविधानाच्या मराठी पाठात ‘अध्यादेश’ आहे, राजपत्रात ‘सन अमुक चा महाराष्ट्र अध्यादेश क्रमांक तमुक’ असे छापतात. संक्षिप्त नाव हा कायद्याचा भाग असतो, ते अनुवादकाला बदलता येत नाही.

साधेमराठी
नाव बदलू नका, पण विवेचनात तरी वापरा. ‘अध्यादेश’ने नुकसान केले आहे, हे मी ठामपणे म्हणतो. त्यात ‘आदेश’ दिसतो, म्हणून मंत्रालयातून निघालेला कुठलाही कागद लोक अध्यादेश समजतात. शासन निर्णय, परिपत्रक, अधिसूचना, अगदी अधिसूचनेचा मसुदा, सगळ्याला बातमीत ‘अध्यादेश निघाला’. अधिनियम, अधिसूचना, अध्यादेश हे तिन्ही ‘अधि’चेच, मग सामान्य माणसाने फरक कसा करायचा?

राजपत्रवाचक
फरक कागदावरच दिसतो. शासन निर्णयात (जीआरमध्ये) ‘वाचा’ म्हणून आधीच्या संदर्भांची यादी येते, मग प्रस्तावना, मग निर्णय. शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ आणि खाली शासनाच्या अधिकाऱ्याची सही. ही अनुच्छेद १६६ ची रीत. राज्यपालांचे नाव दिसते म्हणून तो अध्यादेश ठरत नाही. अध्यादेशात आधी सांगावे लागते की विधिमंडळाचे अधिवेशन चालू नाही आणि तत्काळ कार्यवाही करणे राज्यपालांना आवश्यक वाटते. मग अधिनियमासारखी क्रमांकित कलमे येतात. शासन निर्णयाने अधिनियम बदलता येत नाही, अध्यादेशाने बदलता येतो. ‘जीआर काढून कायदा बदला’ अशा मागण्या होतात त्या याच घोटाळ्यातून.

शब्दमूळ
‘वटहुकूम’मधला ‘वट’ हुंडी वटते, चेक वटतो त्यातला असावा. आज काढायचा आणि पुढे विधिमंडळात वटवायचा. अर्थ चपखल बसतो.

विधिलेखक
चपखल बसतो म्हणूनच मला शंका येते. ‘गावात त्याची वट आहे’ यातला अधिकाराचा ‘वट’ जवळचा वाटतो. गुजरातीतही वट म्हणजे रुबाब, आणि ऑर्डिनन्सला तिथे आजही ‘वटहुकम’च म्हणतात.

शब्दमूळ
मग शब्द तिकडून आला की इकडून गेला? मुंबई इलाख्याचा कारभार दोन्ही भाषांत चाले.

संस्कृतनिष्ठ
कुठूनही आला तरी ‘हुकूम’ अरबी. शिवाय ‘हुकूम’मध्ये हुकूमशाहीचा वास आहे. लोकशाहीतल्या, सहा आठवड्यांची वेसण असलेल्या अधिकाराला तो शोभत नाही.

साधेमराठी
मग ‘कायदा’ टाका, ‘वकील’ टाका, ‘जामीन’ टाका, ‘कलम’ही टाका, सगळे तिकडचेच. आणि वासाचे म्हणाल, तर १९६७ ते १९८१ या काळात बिहारमध्ये २५६ अध्यादेश पुन्हा पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले, काही तर चौदा वर्षांपर्यंत. वाधवा खटल्यात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला संविधानाशी केलेली लबाडी ठरवले. अशा अधिकाराच्या नावात हुकूम ऐकू येतो ते बरेच आहे. ‘अध्यादेश’ने तो झाकला जातो.

मसुदाकार
‘मुदत संपून बाद होतो’ घेतो आहे. पण वाधवा खटल्याचा परिच्छेद पुढे आहेच. तिथे ‘रीप्रॉमल्गेट’ला काय लिहू?

विधिलेखक
पुनर्प्रख्यापित.

साधेमराठी
‘तोच वटहुकूम पुन्हा काढणे’.

संस्कृतनिष्ठ
‘वटहुकूम’ नको म्हणून वर सांगितले आहे.